शेवटच्या नावापर्यंत

मतदानाच्या दिवशी पोह्यांचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. आमच्या इंदूरला सकाळी नऊच्या आत मत देऊन बोटावरची शाई दाखवली, की कोपऱ्यावरचा दुकानदार पोहे-जलेबी फुकट देतो.

त्या वर्षी आई पावणेनऊला मशीनपुढे गेली ती बाहेरच येईना. चष्मा लावून उमेदवारांची नावं एकेक करून मोठ्यानं वाचत होती. "अम्माजी, बटन दबाओ!" आतले साहेब वैतागले. मागची रांग माझ्यावर खेकसली, "भिया, मम्मीजी को निकालो!" मी लाजेनं अर्धा झालो.

बाहेर आल्यावर मी चिडलोच. "कुणाला द्यायचं ते घरीच ठरलं होतं ना? मग सगळी नावं कशाला?"

"अरे, बिचाऱ्यांनी एवढ्या हौसेनं फॉर्म भरला. कुणीतरी वाचायला नको?"

पोहे अर्थातच हुकले. दिवसभर मी तिच्याशी बोललो नाही.

आता आई नाही. आज सकाळी बूथबाहेर लेक माझ्यावर भडकली, "बाबा, अंदर सो गए थे क्या? नऊ वाजून गेले!"

काय सांगू तिला? चौदा नावं होती, आणि अक्षरं ही एवढीशी.