पोपटी खोली

कळसाडीत तापीबाईंइतकी गोरी बाई दुसरी नव्हती, आणि गावाला हे माहीत नसेल की काय अशी त्यांना कायम धास्ती असायची. कुणी घरी आलं की पदर सावरताना त्यांचं मनगट गरजेपेक्षा जास्त बाहेर यायचं, बांगड्या मागे सरकायच्या, आणि चार वाक्यांत माहेरची सगळी माणसं कशी केतकी रंगाची हे सांगून व्हायचं. अशा बाईच्या एकुलत्या एका मुलाला, रतिलालला, बायको मिळाली ती खापरकडची कमल. नाकीडोळी नीटस, कामाला खमकी, पण रंगानं सावळी. सावळी कसली, चांगली काळी. त्यात लपवायचं काय! सोयरीक सासऱ्यांनी परस्पर ठरवली होती. तापीबाईंना त्याचा भयंकर राग आला होता, पण नवऱ्यावर राग काढायची सोय नव्हती, म्हणून तो निघाला कमलवर.

त्रेपन्न सालची गोष्ट. लग्नाला महिनाही झाला नव्हता. दिवाळीसाठी घराला रंग द्यायला शहाद्याहून उखा रंगारी आला होता. चुन्यात नीळ, पिवडी, गेरू असं कालवून त्यानं पुढच्या खोलीच्या भिंतीवर हातभर लांबीचे तीन पट्टे ओढले होते. शेजारच्या प्रमिलाबाई आणि आणखी चार-पाच बायका पाहायला जमल्या होत्या. तापीबाईंनी पट्टे पाहिले, मग वळून कमलला हाक मारली, तिचा हात कोपरापर्यंत उघडा केला आणि भिंतीला लावला. आधी पिवळ्याशी, मग तांबड्याशी, मग निळ्याशी.

"उखा, हिना हात देख," त्या म्हणाल्या. "हिना हातपेक्षा काया रंग लाव भितले. त्यानापुढे तरी बहू गोरी दिखी."

सुनेपेक्षा काळी भिंत! बायका हसल्या. कमलचं वय सतरा. हात सोडवून घ्यावा एवढंही तिला सुचलं नाही. ओल्या भिंतीचा गारवा तेवढा मनगटाला लागला, आणि तो पुढं कित्येक वर्षं आठवला की तिचं अंग जळायचं.

तापीबाईंनी निळा पट्टा पसंत केला. ओला होता तेव्हा तो गडद दिसत होता, कमलच्या हातापेक्षा गडद. उखा मान हलवत म्हणाला, "आक्का, वल्ला रंग देखीसन ठरावू नका. सुकना म्हंजे फिक्का पडी." पण रंगाऱ्याचं ऐकतील तर त्या तापीबाई कसल्या! दुसऱ्या दिवशी दुपारी खोली वाळली, आणि गडद निळ्याचा झाला पाण्यासारखा फिकट आसमानी. त्या भिंतीपुढे कमल चहा घेऊन आली तेव्हा ती होती त्याहून काळी दिसायला लागली. प्रमिलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

चूक तापीबाईंची होती. शिक्षा झाली कमलला. "कमल, तू मझार जाय. आठे नको बठू, भित खराब दिखस," असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, आणि ते एकदा सांगून संपलं नाही. पाहुणे आले की कमल मागच्या खोलीत, चुलीच्या धुरानं काळ्या पडलेल्या भिंतींमध्ये. भाकरी तिनं थापायच्या, चहा तिनं करायचा, न्यायचा मात्र दुसऱ्या कुणी. पुढच्या खोलीत बोलणी रंगायची, हसण्याचे आवाज यायचे. कोण आलंय हे कमल दाराआडून विचारायची, "आत्याबाई, कोन उनं?" आणि उत्तर ठरलेलं असायचं, "तुन्हा कामनं कोनी नही." एकदा तर तिचा सख्खा मामा आला होता. तो गेल्यावर तिला कळलं.

रतिलाल? तो भला माणूस होता, म्हणजे आईपुढे तोंड न उघडणारा. त्याच्याविषयी याहून जास्त लिहावं असं काही नाही.

उखा मात्र दर दिवाळीला यायचा आणि दुपारी मागच्या दारी बसून चहा प्यायचा. त्या दिवशी हातात कुंचला धरून आपण मुकाट्यानं उभे राहिलो, हे त्याला टोचत असावं. तो कमलला रंगाच्या गोष्टी सांगायचा. कोणता रंग उन्हानं उडतो, कोणता कंदिलाच्या उजेडात मरतो. एकदा हसत हसत त्यानं शहाद्यातल्या एका घराचं सांगितलं. गोऱ्यापान बाळंतिणीच्या खोलीला त्यानं पोपटी रंग दिला, तर घरच्यांना वाटलं बाईला कावीळ झाली. औषधपाणी झालं, बाईला उन्हात आणल्यावर कळलं की दोष भिंतीचा. "गोरा मानूसनी आनि पोपटी रंगनी जमस नही, वैनी," उखा म्हणाला. "तोंडवरनं रगतच खाई जास तो." कमलनं त्याला आणखी अर्धा कप चहा दिला आणि ही गोष्ट पोटात ठेवली. आठ वर्षं ठेवली.

दरम्यान सासरे गेले, तापीबाईंचे गुडघे गेले, किल्ल्या कमलच्या कमरेला आल्या. कमलची कमलबाई झाली. तरी पाहुणे आले की तापीबाई पुढच्या खोलीत आसमानी भिंतीला टेकून बसायच्या आणि कमलबाई सवयीनं आत जायची. कदाचित जन्मभर गेली असती. पण सहासष्ट सालच्या दसऱ्याला सोनं द्यायला माणसं आली, आणि तापीबाईंनी नऊ वर्षांच्या नातीला, मीनाला, सांगितलं, "पोरी, तू मझार जाय." मीना आईच्या वळणावर गेली होती.

कमलबाई मागं गेली तर पोर परसात चुन्याच्या डब्यापाशी बसलेली. दोन्ही हातांना कोपरापर्यंत चुना फासलेला, कातडी चुरचुरतेय म्हणून डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर आशा. "माय," तिनं विचारलं, "आते बठू का मी पुढे?"

कमलबाईनं तिचे हात धुतले, खोबरेल लावलं. ती रडली नाही. तेरा वर्षं आपल्याला झालं ते तिनं गिळलं होतं, पण हे तिला गिळता येईना. आता म्हातारीला सोडायचं नाही, असं तिनं तिथंच, मुलीचे हात पुसता पुसता ठरवलं. त्याच आठवड्यात तिनं उखाला निरोप धाडला, की यंदा नुसता चुना नको, नंदुरबारहून तेलरंगाचं कार्ड घेऊन या.

रंग निवडण्यात कमलबाईनं जो वेळ घेतला तो पाहून रतिलालला वाटलं, बायकोला हौस आली. पुढच्या खोलीत तिनं चार पट्टे ओढवून घेतले आणि एक रात्र वाळू दिले. सकाळी पाहिले, दुपारी पाहिले, दिवेलागणीला पाहिले. प्रत्येकाशी स्वतःचा हात लावला, मग मीनाचा. तेलरंग वाळून चुन्यासारखा फिक्का पडत नव्हता. शेवटी तिनं गडद मोरपंखी घेतला. त्याच्यापुढे मीनाचा हात असा उजळ, तुकतुकीत दिसला की पोर स्वतःच हात फिरवून फिरवून पाहायला लागली.

मग तापीबाईंच्या खोलीची पाळी आली. तिथं तिन्ही पट्टे हिरव्यातलेच होते: पिस्ता, शेवाळी, पोपटी. कमलबाईनं सासूला वेणी घालायच्या निमित्तानं भिंतीपाशी पाटावर बसवलं, आणि फणी फिरवता फिरवता तोंड एकेका पट्ट्यासमोर आणून पाहिलं. पिस्त्यापुढे तापीबाई तापीबाईच दिसत होत्या. शेवाळीपुढे थोड्या दमलेल्या. पोपटीपुढे मात्र गालांतलं रक्त गेलं, ओठ पांढुरके झाले, डोळ्यांखाली पिवळी झाक आली. कमलबाईच्या हातातली फणी क्षणभर थांबली. इतकं छान दिसेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

"आत्याबाई, कोनता लावू? तुमनी पसंत सांगा," ती मऊ आवाजात म्हणाली. "पोपटी जरा भारी शे म्हने, मोठा लोकस्ना घरमा लावतस."

"मंग पोपटीज लाव," तापीबाई लगेच म्हणाल्या. उखानं एकदा कमलबाईकडे पाहिलं, आणि मान खाली घालून डब्यात कुंचला बुडवला.

मोठ्या लोकांचा रंग सगळ्यांना दिसावा म्हणून तापीबाई आता पाहुण्यांना आपल्या खोलीतच बोलवायच्या. दिवाळीला प्रमिलाबाई फराळाला आल्या आणि त्या खोलीच्या उंबऱ्यातच थबकल्या. "काय व्हयनं वं आक्का? तोंड कसं उतरी गयं!" दुसऱ्या दिवशी आणखी एकीनं तेच विचारलं. आठवडाभरात जो येई तो तब्येतीची चौकशी करी. तापीबाई आरशात पाहायच्या, आणि आरसा टांगलेला त्याच खोलीत. त्यांचं जेवण तुटलं. मग रतिलालनं कावीळ उतरवणारा माणूस आणला. त्यानं मंत्र पुटपुटत चुन्याच्या निवळीनं तापीबाईंचे हात चोळले, आणि पितळी ताटात पाणी पिवळं उतरलं. ते तर कुणाच्याही हातून पिवळं उतरतं! पण आता संशयाला जागाच राहिली नाही. तेल बंद, हळद बंद, मीठ बंद. महिनाभर तापीबाईंनी उकडलेला मुळा खाल्ला. तो वाढायला कमलबाई स्वतः जायची, आणि आग्रह करून वाढायची.

पौष लागला, थंडी वाढली. एका सकाळी शेकायला म्हणून तापीबाई भिंत धरत धरत चुलीपाशी आल्या. तिथल्या कोनाड्यात कमलबाईचा कुंकवाचा छोटा आरसा होता. तापीबाईंनी सहज पाहिलं. मागं धुरानं काळी भिंत, आणि पुढं त्यांचं जुनं, गोरंपान तोंड. त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग उठून, गुडघे दुखत असताना, परत आपल्या खोलीत गेल्या, बाही वर केली आणि हात पोपटी भिंतीला लावला. कमलबाई दारात उभी होती. दोघींनी त्या हाताकडे पाहिलं.

"हाई तुले कोनी शिकाडं?" तापीबाईंनी विचारलं.

"मी काय करं, आत्याबाई? रंग ते तुमनाज पसंतना शे."

तापीबाईंना रतिलालला सांगता आलं असतं. एक शब्द, आणि त्यानं खोली पुन्हा रंगवून दिली असती. पण सांगणार काय? या भिंतीपुढे मी गोरी दिसत नाही, म्हणून? ते त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नसतं, आणि कमलबाईला ते पक्कं ठाऊक होतं. दोन दिवसांनी त्याच म्हणाल्या, इथं गारठा फार, माझी खाट मागच्या खोलीत चुलीपाशी टाका. कमलबाईनं खाट आपल्या हातांनी टाकली, नीट गोधडी अंथरली, उशाला पाण्याचा तांब्या ठेवला.

वाईट वाटलं का तिला? उगाच खोटं कशाला लिहू? नाही वाटलं.

संक्रांतीला घरभर माणसं आली. तिळगूळ झाला, चहा झाला. मोरपंखी भिंतीला टेकून कमलबाई बसली होती, शेजारी परकर पसरून मीना, आणि प्रमिलाबाई म्हणत होत्या की पोर किती गोड दिसायला लागलीय. मागच्या खोलीतून, धुरातून, एक बारीक आवाज आला.

"कमल, कोन उनं वं?"

 कमलबाईनं मीनाच्या हातावरची बांगडी सरळ केली, आणि आवाज चढवून, मागच्या खोलीत नीट ऐकू जाईल असं म्हणाली,

"तुमना कामनं कोनी नही, आत्याबाई."