ऑर्फेओला दोनदा मारलं

एर्सीलिया दिवसा डुकराच्या मांड्या खारवायची आणि संध्याकाळी कोरसमध्ये गायची. इटलीतल्या पो नदीकाठच्या त्या गावात याचं कुणालाच नवल नव्हतं. कोरसमधली निम्मी माणसं खारवणीच्या दुकानांतून यायची, निम्मी चीजच्या भट्ट्यांवरून. नाटकघराच्या विंगेत कायम खारट, आंबूस वास. एर्सीलियाचा आवाज खालचा, जाड. हात त्याहून जाड. मीठ घासून बोटांना भेगा पडलेल्या आणि त्या भेगांत रोज नवं मीठ. नवऱ्याने एकदाच तिच्यावर हात उगारला होता. तो हात मरेपर्यंत त्याला खांद्याच्या वर नेता आला नाही. हे ती स्वतःच सांगायची, हसत हसत.

मऊ होती ती फक्त आर्जियापुरती. बहीण मेल्यावर तिची ही पोर एर्सीलियाने वाढवली, आणि पोरीचा आवाज असा निघाला की बाजारात भाजी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबायचे. त्या हिवाळ्यात आर्जिया कोरसमध्ये लागली. पुढच्या वर्षी एकटीने गाण्याची भूमिका मिळेल, असं गांदोल्फी मास्तरांनी, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्यांनी, तोंडभरून सांगितलं होतं.

ऑपेरा नवा होता, ऑर्फेओचा. ग्रीक दंतकथेतला गवई, ज्याच्या गाण्याने दगडसुद्धा पाघळायचे. एरवी ऑपेरावाले या गोष्टीचा शेवट गोड करतात. मेलेली बायको परत मिळते, सगळे नाचतात. नुसता गुळमुळीतपणा! या कवीने गोष्ट जशीच्या तशी ठेवली होती. दारूच्या देवाच्या पिसाट भक्तिणी ऑर्फेओला रानात गाठतात. त्यांच्या काठ्या त्याच्या गाण्याला भुलून खाली पडतात. मग बायका असा कालवा करतात की गाणं ऐकूच येत नाही, आणि तेव्हा कुठे काठी लागते. त्याला फाडून नदीत फेकतात.

ऑर्फेओ होता फेर्रुच्चो माल्वेझ्झी. छाती पिंपाएवढी, डोकं तितकंच रिकामं. कोरसच्या बायकांना चिमटे काढायचे, लाथेने बाजूला सारायचं, हा त्याचा रोजचा खेळ. एका तालमीत त्याचा वरचा सूर फाटला आणि आर्जियाला हसू फुटलं. तरुण पोर, हसली. माल्वेझ्झीने हातातली सोनेरी मुलाम्याची लाकडी वीणा फिरवली आणि सरळ तिच्या तोंडावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी तारेने बांधला. गाण्याचं विचारल्यावर डॉक्टर हात धुवायला गेले.

"जिन्यावरून पडली ती," नाटकघराचा व्यवस्थापक एर्सीलियाला म्हणाला.

"तिथे जिना आहे का?"

"असेल कुठेतरी. हे बघ, कोरसवाल्या ढिगाने मिळतात. माल्वेझ्झी एकच."

पोलिसांनीही जिनाच लिहून घेतला.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी एर्सीलिया दुकानातून मांड्या टांगायच्या दांड्या घेऊन आली. बीच झाडाच्या, मनगटाएवढ्या जाड. भक्तिणी झालेल्या कोरसच्या बायकांच्या हातात एरवी बडीशेपेच्या वाळक्या पोकळ काठ्या असत. माशी मारली तरी मोडतील अशा. तिने त्यांच्यावरच्या वेली सोडल्या आणि दांड्यांना गुंडाळल्या.

"मरेल गं तो," दिर्चे म्हणाली. दिर्चे तिच्याच शेजारी उभी राहून गायची, चीजच्या भट्टीवर कामाला होती.

"एवढ्याने डुक्करसुद्धा मरत नाही."

"कबूल. पण एर्सीलिया, तोंड आणि गळा सोडायचा. गाणाऱ्याचं तोंड आपण फोडायचं नाही."

"त्याने फोडलं ना?"

"तो हलकट आहे. आपण कोरस आहोत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एर्सीलिया वेली गुंडाळत राहिली.

प्रयोगात माल्वेझ्झी ते शेवटचं गाणं नेहमीसारखंच गायला, डोळे वर गॅलरीवर, मन जेवणावर. मग बायका धावल्या. पहिली दांडी पाठीत बसली तेव्हा त्याला वाटलं, चुकून लागली. दुसरी बरगडीत बसली. दिर्चेने गुडघ्यामागे हाणली तसा तो आडवा झाला, आणि मग त्याच्या पाठीवर, मांड्यांवर, खुब्यांवर दांड्यांचा पाऊस पडला. तो गुरासारखा ओरडला. पांढऱ्या झग्यावर रक्त उमटलं. पडदा पडला.

आणि गॅलरी उठली. "वन्समोअर! वन्समोअर!"

असा अभिनय त्या गावाने पाहिला नव्हता. लोक बाकं बडवत होते, एका म्हाताऱ्याने आपली टोपीच खाली फेकली. वन्समोअर नाकारणाऱ्या गवयाला त्या गावात पुन्हा कुणी उभं करत नसे. हे माल्वेझ्झीलाही ठाऊक होतं. विंगेत तो चौघांच्या खांद्यावर लटकला होता.

"यांना बाहेर काढा! या रांडा खरंच मारतायत!"

"लोक थांबलेत," गांदोल्फी मास्तर खालच्या वाद्यवृंदातून म्हणाले. "गाणार की नाही, तेवढं सांगा."

माल्वेझ्झीने टाळ्या ऐकल्या. आयुष्यात त्याला एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. त्याने नाक पुसलं आणि लंगडत जाऊन उभा राहिला.

आणि गायला. या वेळी डोळे गॅलरीवर नव्हते, बायकांच्या हातांवर होते. भीतीने त्याचा पोकळ डौल गळून पडला होता. प्रत्येक सूर जिवाची भीक मागत येत होता, कापत, पण नेमका. दिर्चेची उगारलेली दांडी खाली झुकली. मग दुसरीची. कोरसमध्ये जन्म घालवलेल्या बायका त्या; खरं गाणं त्यांना कळत होतं. एकेक दांडी फळ्यांवर पडली, लिहिलं होतं तशीच, पण लिहिलं होतं म्हणून नव्हे.

एर्सीलियाचाही हात सैल झाला. तिने तो शेवटचा लांब सूर संपेपर्यंत ऐकला. मग छाती भरून घेतली आणि आपली जागा यायच्या आधीच ती ओरडली. गाणं नव्हतंच ते. ढोलवाला दचकला आणि ढोल बडवू लागला, तुताऱ्या घुसल्या, सवयीने सगळा कोरस उसळला. त्या कालव्यात माल्वेझ्झीचं तोंड उघडं दिसत होतं, पण ऐकू काही येत नव्हतं.

"तोंड नको," त्याचे ओठ म्हणाले. "बाई, तोंड नको."

एर्सीलियाने दांडी दोन्ही हातांनी धरून आडवी मारली. पुढचे दात वाद्यवृंदात जाऊन पडले. तो कोसळला, तशी तिने आणखी एकदा मारली, जबड्यावर.

टाळ्या पडल्या. बऱ्याच वेळाने थांबल्या.

चौकीत सकाळी आर्जिया आली. तोंड अजून बांधलेलं. तारेतून शब्द चेपून येत होते.

"दिर्चेमावशी सांगत होती. दुसऱ्यांदा चांगला गायला म्हणे."

एर्सीलियाने गजांमागून तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलणं तिला जमायचं नाही.

"असं गाणं मी जन्मात ऐकलं नाही, बाळ."

"पूर्ण ऐकलंस?"

"शेवटच्या सुरापर्यंत. मग मारलं."

आर्जियाने गज धरले. "मला का नाही नेलंस?" ती तारांमधून म्हणाली. "मला ऐकायचं होतं."