भावानं उतरवलेला विमा

तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. रोगी, त्यांच्या घरची माणसं, औषधाच्या दुकानातला माणूस, सगळे तिला सिस्टर म्हणायचे. धाकटा भाऊ तेवढा ताई म्हणायचा.

मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून ती घरोघरी जायला लागली होती. ज्यांना अंथरुणातून हलवता येत नाही त्यांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची. त्यासाठी तिनं एक छोटी निळी गाडी घेतली. मागच्या सीटवर कापसाचे डबे, हातमोज्यांची खोकी, वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा. गाडीत कायम स्पिरिटचा वास. कुणी सोबत बसलंच तर काच खाली करायचं आणि ती म्हणायची, "नाक मुरडू नका, या वासावरच माझं जेवण चालतं."

आई गेली तेव्हा भाऊ शाळेत होता आणि तिला नुकतीच नोकरी लागली होती. वडील त्याआधीच गेलेले. त्याचे डबे, त्याची फी, त्याचे ताप, सगळं तिनंच काढलं. लग्नाचं वय त्यातच निघून गेलं. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही, आणि बोलत नाही म्हणून कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. भावानं चार धंदे करून पाहिले, चारही बुडाले. शेवटी तो विम्याचा एजंट झाला. त्याची पहिली पॉलिसी बहिणीच्या नव्या गाडीची.

तेव्हा पूर्ण विमा घेणं योग्यच होतं. गाडी नवी, कर्ज डोक्यावर. एकदा एका रिक्षानं मागचं दार चेपलं, तर दार बदलून मिळालं. भाऊ छाती फुगवून म्हणाला, "बघ ताई, कामाला आलो की नाही?" तिला त्याचं फार कौतुक वाटलं. त्यानंतर दरवर्षी तो यायचा, जेवायचा, कागद पुढे करायचा आणि ती डोळे झाकून सही करायची.

गाडी म्हातारी झाली. रंग उडाला, एक काच हातानं ओढून वर करावी लागायची. एका वर्षी सही करता करता तिची नजर आकड्यांवर गेली. कंपनीनं धरलेली गाडीची किंमत उतरत उतरत पार तळाला आली होती. हप्ता मात्र होता तिथंच.

"काय रे, गाडी गेलीच तर मला एवढेच मिळणार ना? मग एवढा हप्ता कशाला? दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, सक्तीचा असतो तेवढाच विमा घेतला तर?"

भावानं घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. "ताई, तू एकटी बाई. दिवसभर रस्त्यावर असतेस. उद्या काही झालं तर कुणाच्या तोंडाकडे बघशील? असली काटकसर अंगाशी येते. मी परका आहे का तुला चुकीचं सांगायला?"

तो परका नव्हता. तिनं सही केली. त्यात त्यानं गाडी बंद पडली तर ओढून न्यायची, किल्ली हरवली तर नवी द्यायची, अशी दोन कलमंही जोडून दिली. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. त्यापुढची कितीतरी वर्षंही.

मग एका दुपारी ती तिसऱ्या मजल्यावर एका आजोबांच्या पाठीवरची जखम धूत होती. खाली मोठा आवाज झाला. हातमोजे घातलेले, जखम उघडी. खिडकीपर्यंतही जाता येईना. पट्टी नीट बांधून ती खाली उतरली तोवर धडक देणारा ट्रक पसार झाला होता. निळ्या गाडीचं नाक इंजिनापर्यंत आत गेलं होतं. गल्लीतली माणसं गोल करून उभी होती. नंबर कुणीच पाहिला नव्हता.

कंपनीचा तपासनीस गॅरेजमध्ये आला. तरुण होता, घाईत होता. गाडीभोवती फिरून त्यानं फोटो काढले आणि म्हणाला, "दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातोय. कंपनी धरलेल्या किमतीएवढीच रक्कम देईल. गाडी तुम्हीच ठेवणार असाल तर भंगाराची किंमत त्यातून वजा." मग सहज बोलून गेला, "इतक्या जुन्या गाडीला अजून पूर्ण विमा? वर ही कलमं? कोण हो तुमचा एजंट?"

"माझा भाऊ."

तपासनीस मोबाईलमधले फोटो पुन्हा बघत बसला.

घरी येऊन तिनं मनातल्या मनात जमवून पाहिलं. गाडीची किंमत घसरल्यापासून तिनं सक्तीच्या विम्यापेक्षा जास्तीचं जेवढं भरलं होतं, जवळजवळ तेवढंच तिच्या हातात येत होतं. ती रक्कम बाजूला टाकत गेली असती तरी हेच झालं असतं, आणि ट्रकनं धडक दिली नसती तर सगळी तिची राहिली असती.

रविवारी भाऊ आला. रक्कम मंजूर झाली म्हणून खुशीत होता. "बघ, नाही म्हणत होतीस ना? आला की नाही कामाला?"

"तुला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"की गेली कितीतरी वर्षं मी हे भरायची गरज नव्हती."

तो पाण्याचा पेला फिरवत राहिला. "तसं प्रत्येकाचं वेगवेगळं असतं, ताई..."

"मला परक्यासारखं समजावू नकोस. ठाऊक होतं की नाही?"

"होतं," तो म्हणाला. मग एकदम आवाज चढला. "पण मोठ्या हप्त्याच्या कमिशनवर माझंही घर चालायचं होतं ना! आधीच पॉलिसी मिळत नाहीत, वरून टार्गेट डोक्यावर. तुला काय कमी होतं? एकटा जीव."

ती मग म्हणाली, "पैसे मागितले असतेस तर नसते का दिले?"

जेवण टाकून तो उठला, आणि तिनंही बस म्हटलं नाही.

नातेवाइकांत त्यानं सांगितलं की ताई चार पैशांवरून घर तोडून बसली. मावशीचा फोन आला, "अगं, तू मोठी ना? पदरात घे." सिस्टर म्हणाली, "आजवर तेच केलं, मावशी." एवढंच. कुंपणानं शेत खाल्लं हे गावभर सांगत फिरण्यात तिला रस नव्हता.

गाडी तिनं भंगारात दिली नाही. मिस्त्रीनं जुने भाग शोधून नाक सरळ केलं. एक दिवा पिवळा, एक पांढरा. विमा तिनं स्वतः जाऊन घेतला, फक्त सक्तीचा. कंपनीच्या कचेरीत खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, गाडीचं स्वतःचं नुकसान झालं तर?" सिस्टर म्हणाली, "ते माझं मी बघेन." बाहेर पडल्यावर मात्र तिला हलकं वाटलं नाही. दरवर्षी त्या महिन्यात एक माणूस जेवायला यायचा, तो आता येणार नव्हता.

दीड वर्षानं मधुमेहामुळे भावाच्या पायाची जखम चिघळली. शस्त्रक्रियेनंतर रोज पट्टी बदलायची होती. भावजयीचा फोन आला, आवाज पडलेला. "येता का?"

ती गेली. गुडघ्यावर बसून तिनं त्याचा पाय मांडीवर घेतला, लहानपणी घ्यायची तसाच, आणि जखम धुतली. तो छताकडे बघत होता. "दुखतंय का?" तिनं विचारलं. "नाही," तो म्हणाला. दुखत होतं, हे तिला बोटांखाली कळत होतं.

निघताना भावजयीनं संकोचानं पाकीट पुढे केलं. सिस्टर घेणार नाही अशी तिला खात्री होती. सिस्टरनं ते घेतलं, उघडलं, इतर रोग्यांकडून घेते तेवढे पैसे काढले, उरलेले परत दिले.

"उद्या याच वेळी येते," ती म्हणाली. "पाय ओला होऊ देऊ नका."