संबंधितांकडे अग्रेषित

मला मराठी लिहिता येतं, असा नोकरी लागेपर्यंत माझा समज होता. राजुऱ्याकडच्या आमच्या वस्तीत निम्म्या लोकांची पत्रं मीच लिहायची. बाबा कोळसा खाणीत होते. संध्याकाळी त्यांच्यासोबत कोणीतरी यायचं, बोलायचं, आणि ते बोलेल तसं मी कागदावर उतरवायची. गडचिरोली जिल्हा नवीनच झाला होता तेव्हा आरमोरीच्या पलीकडे एका लहान गावातल्या सरकारी कार्यालयात मी टायपिस्ट म्हणून लागले. तिथे मला पुन्हा लिहायला शिकवण्यात आलं.

शिकवणारे होते मोठे बाबू, आमचे हेडक्लार्क. त्यांच्या तोंडात सकाळपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा. जिभेला बोट लावल्याशिवाय त्यांना फाइलीचं पान उलटता येत नसे, त्यामुळे प्रत्येक कागदाच्या कोपऱ्याला एक तपकिरी डाग. ती फाइल माझ्या टेबलावर आली की मी फूटपट्टीनं पानं उलटायची.

माझं पहिलं पत्र एका शाळेच्या छपराबद्दल होतं. मी लिहिलं, ‘कवेलू फुटले आहेत. पोरांच्या अंगावर पाणी पडतं. लवकर बदलावे.’ मोठ्या बाबूंनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

“बाई, हे सरकारी पत्र व्हय का मावशीले लिवलेलं कार्ड?”

सगळे हसले. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि मला शिकवलं. “कोणं केलं हे कधीच लिवाचं नाई. झालं, असं लिवाचं. ‘आहे’ नाई, ‘असल्याचे दिसून येते’. अन् कोण करन, कधी करन, हे त बिलकुल नाई. उद्या आपल्यालेच विचारतीन.”

मी शिकले. वर्षभरात मी इतकी तयार झाले की साहेब म्हणाले, “ड्राफ्ट असावा तर या बाईंचा!” मला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आठवलं की आज तोंडाला कडू पाणी सुटतं.

एका दुपारी ढिवर मोहल्ल्यातली, मासेमारांच्या वस्तीतली, एक म्हातारी बाई आली. तिनं पळसाच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवलं आणि पान उघडलं. मेलेला मासा होता. पोट फुगलेला, डोळे पांढरे, आणि वास असा की शिपाई नाक धरून बाहेर गेला.

“तलावात असे शेकड्यानं तरंगून राह्यले,” ती म्हणाली. “उसन्या तांदळाच्या गिरणीचं, धान उकडल्याचं सडकं पाणी तलावात सोडून राह्यले ते लोक. आम्ही अर्ज देल्ला होता. तुमचा हा कागद आला. याच्यात का लिवलं, थोडं वाचून सांगा नं बाई.”

कागद मीच टाइप केलेला होता. मी वाचला, “सदर बाब या कार्यालयाच्या निदर्शनास आली असून, उचित कार्यवाहीस्तव संबंधितांकडे अग्रेषित करण्यात आली आहे.”

“म्हणजे का?”

“तुमचा अर्ज पुढं पाठवला.”

“कोणाले?”

मी फाइल काढली. संबंधित म्हणजे गिरणीवाला होता. त्यालाच अर्ज पाठवला होता, खालच्या सगळ्या अंगठ्यांसकट. ते पत्रही मीच टाइप केलं होतं; काय टाइप करतेय हे मनात न आणता.

मी सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. “म्हणून माह्या सुनेले गिरणीतून काढलं व्हय,” एवढंच म्हणाली. मासा पुन्हा पानात गुंडाळून ती गेली. वास मात्र टेबलावरच राहिला. त्या दिवशी मला डबा उघडवला नाही.

रविवारी मी एकटीच तलावावर गेले. गिरणीमागच्या नालीतून गढूळ, फेसाळ पाणी सरळ तलावात येत होतं. काठाच्या चिखलात मासे रुतून सडले होते आणि त्यांच्यावर माश्या थरांनी बसल्या होत्या. पलीकडे दोन बाया त्याच पाण्यात कपडे धूत होत्या. मला उलटी झाली.

सोमवारी मी जिल्हा कार्यालयासाठी अहवाल लिहिला. ‘गिरणीचे पाणी नालीतून तलावात येते. पाण्याला दुर्गंधी आहे. मासे मेले आहेत. अर्जदारांचा अर्ज या कार्यालयाने गिरणीमालकाकडे पाठवला, ती आमची चूक झाली.’

मोठ्या बाबूंनी तो हसत हसत तांबड्या शाईनं खोडला. ‘मासे मेले’च्या जागी ‘काही प्रमाणात मत्स्यहानी झाल्याचे अर्जदारांचे म्हणणे आहे’. दुर्गंधी काढूनच टाकली. “वासाचा पुरावा नसते, बाई,” ते म्हणाले. ‘आमची चूक झाली’ या वाक्यावर त्यांनी इतक्या जोरात रेघ मारली की कागद फाटला.

मी दोन्ही मसुदे टाइप केले. मोठ्या बाबूंना त्यांचा दाखवला, सहीच्या कागदांत माझा ठेवला. साहेबांकडे तेव्हा गिरणीवालाच चहाला बसला होता. त्याच्याशी रानातल्या कोंबड्याच्या रश्श्याबद्दल बोलता बोलता साहेबांनी न वाचता सह्या ठोकल्या. जावक नंबर घालून मी पत्र स्वतः पोस्टात टाकलं.

आठ दिवसांनी चौकशीला माणसं आली, तेव्हा मोठ्या बाबूंनी स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात राहिलेली नक्कल, काढून वाचली. ती त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली. मग म्हणाले, “मी तुले पोरीसारखं शिकवलं. माह्यावर काऊन असा डाव टाकला?” त्यांचे डोळे भरले होते. ते खरोखरच दुखावले होते, आणि मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

गिरणीवाल्याला आपल्या आवारात खड्डा खोदून पाणी तिथे सोडावं लागलं. तलावात पुन्हा मासे व्हायला दोन वर्षं गेली, असं पुढे कळलं. सुनेला कामावर परत घेतलं नाही.

मला ज्ञापन मिळालं. ‘आपल्या कृतीमुळे कार्यालयीन शिस्तीस बाधा पोहोचल्याचे निदर्शनास आले असून, आपणाविरुद्ध उचित कार्यवाही का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सादर करावा.’ कोणती कृती, ते त्यात कुठेच नव्हतं. मी दोन ओळींत लिहिलं: ‘मी खरा अहवाल सहीसाठी ठेवला. साहेबांनी न वाचता सही केली.’ महिनाभरात माझी बदली सिरोंच्याला झाली.

ज्ञापन पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आधी भीती वाटली नाही, रागही आला नाही. आधी मनात आलं, वाक्य काय बांधलंय! माझ्या त्या कौतुकाची शिसारी अजून गेलेली नाही.