पिवळीचा उपास

आमच्या घरातल्या माशाला गालगुंड झाले होते.

हे निदान माझ्या आईचं. आई मूळची निफाडकडची. माणूस, म्हैस आणि द्राक्षाची वेल या तिघांची दुखणी ती सारख्याच आत्मविश्वासाने ओळखते. माशाचं तिचं हे पहिलंच प्रकरण होतं, पण म्हणून तिचा आवाज काही खाली आला नव्हता.

सुरुवात मात्र मीच केली होती. डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब वाढलाय, एखादा शांत छंद लावून घ्या." मी गंगापूर रोडवरच्या एका दुकानातून माशांची टाकी आणली. दुकानदार रफिकभाई म्हणाले, "साहेब, सिक्लिड घ्या. रंग बघा काय एकेक! फक्त जात जरा गुस्सेवाली आहे." मला वाटलं, मग आमच्या घरात खपून जाईल.

जरा? सोबतीला म्हणून सोडलेले गप्पी मासे दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत नव्हतेच! (आई बिचारी सोफ्याखालीही शोधून आली.) नंतर या मंडळींनी तळाचे खडे उकरून कोपऱ्यात ढीग रचला, प्लॅस्टिकची झाडं मुळासकट उपटली आणि उरलेल्या वेळात एकमेकांच्या शेपट्या कुरतडल्या. शांतपणे बघत बसायला मी टाकीसमोर आरामखुर्ची मांडली होती. तिच्यात बसून मी "ए! सोड तिला! लाज वाटते का?" असा ओरडत असायचो. रक्तदाब आणखी वाढला. मासे मात्र कमी होत गेले, आणि शेवटी एक दांडगा निळा नर आणि एक पिवळी मादी एवढेच उरले.

आता टाकी जिथे होती, तिथे पूर्वी माझ्या बायकोचं, मनीषाचं शिलाई मशीन होतं. ते बाल्कनीत, जुन्या चादरीखाली गेलं होतं. मनीषा एक दिवस शांतपणे म्हणाली (ती शांत झाली की मला घाम फुटतो), "अहो, यातला आणखी एक जरी गेला ना, तर ही टाकी जाईल आणि माझं मशीन आत येईल."

आणि नेमकं त्याच आठवड्यात पिवळीने खाणं सोडलं!

दाणे टाकले की निळा झडप घालायचा. पिवळी तोंड मिटून कोपऱ्यात. मी रफिकभाईंना फोन केला. "भूक लागली की खाईल साहेब," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. आईकडे मात्र उत्तर तयार होतं.

"सरावण लागलाय. उपास धरला असंल तिनं."

श्रावणात माणसं मासे खात नाहीत, हे मला माहीत होतं. मासाच काही खात नाही, हे नवीन होतं.

दिवस जात राहिले. पिवळी वाळत चालली आणि तिचे गाल मात्र फुगत चालले. आईने चष्मा लावून टाकीच्या काचेला नाक टेकवलं.

"अरे बाळू, गालगुंड हाय हे! हळदीचा गरम लेप लाव."

"आई, ती पाण्यात राहते!"

"मंग गरम पाण्यात ठेव."

"अगं, तिचा रस्सा होईल!"

पुढच्याच दिवशी ऑफिसातून आलो, तर टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं. आत निळा रागाने गोल गोल फिरतोय आणि सगळीकडे पांढरे मणी तरंगताहेत.

"आई, काय टाकलंस यात?"

"भिजवलेला साबुदाणा. उपासाला दुसरं काय चालतं?"

"अगं, किती टाकलास?"

"वाटीभरच टाकला. निळ्याला नको व्हय?"

मनीषा बाल्कनीत गेली आणि मशीनवरची चादर झटकू लागली.

आता टाकी वाचवायची तर पाणी बदलायलाच हवं होतं. मी नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडाने ओढलं (साबुदाण्याचे चार दाणे माझ्या पोटात गेले, माझाही उपास झाला) आणि गढूळ पाणी बादलीत काढलं. मग चहाच्या गाळणीने पिवळीला उचललं, म्हटलं, एकदा गाल तरी नीट बघू. बादलीवर गाळणी धरली आणि आई आणि मी वाकून बघू लागलो.

"तिला आ करायला सांग," आई म्हणाली.

मी कशाला सांगतोय! पिवळीने एक गचका दिला, थेट बादलीत उडी मारली आणि तोंड उघडलं. भसाभस पांढरे-पिवळे मणी बाहेर!

"बघ लबाड! समदा साबुदाणा गालात दाबून ठेवला व्हता!" आई जिंकली होती.

मला हायसं वाटलं. पिवळीला परत टाकीत सोडलं, बादली उचलली आणि ते पाणी जास्वंदीला घालायला बाल्कनीत निघालो. दारात मनीषा होती. तिची नजर बादलीत गेली.

"अहो, थांबा! साबुदाण्याला डोळे आहेत!"

"काहीतरीच काय बोलतेस?"

"डोळे आहेत! आणि शेपटीसुद्धा आहे!"

मी वाकलो. साबुदाण्याचे काही दाणे माझ्याकडे बघत होते. बाकीचे पोहत होते.

मोबाईलवर शोधल्यावर कळलं की या जातीची आई अंडी तोंडात धरून ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती एक घास खात नाही. आणि मी त्या माउलीला गाळणीत धरून आ करायला लावलं होतं! खरं सांगतो, फार वाईट वाटलं. मग आम्ही तिघं बादलीभोवती बसून चमच्याने पिल्लं आणि साबुदाणा वेगळा करत बसलो. आई मध्येच साबुदाण्यालाही "जप रं बाळा" म्हणत होती.

संध्याकाळी पिवळीने दाण्यांवर अशी झडप घातली की निळा घाबरून खड्यांच्या ढिगामागे गेला. मी हळूच मनीषाला विचारलं, "मग? टाकी जाणार का?"

"काहीतरीच काय! बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का?" मनीषा म्हणाली. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पिल्लांना वेगळी टाकी लागेल. ती तुमच्या खुर्चीच्या जागी. आणि माझं मशीन तुमच्या टेबलाच्या जागी."

पुढच्या श्रावणी सोमवारी आईने साबुदाण्याची खिचडी केली. खुर्ची, टेबल दोन्ही गेल्यामुळे मी ताटली घेऊन उभा होतो. मोठा घास तोंडात घातला आणि सहज ताटलीत बघितलं. काय सांगू, साबुदाणा माझ्याकडे बघतोय असं वाटलं! घास ना गिळवेना, ना थुंकवेना. तसाच गालात धरून उभा राहिलो.

"अगं मनीषा, ह्याचे बी गाल फुगले बघ!" आई ओरडली.

पिल्लांच्या टाकीवरून नजर न काढता मनीषा म्हणाली, "राहू द्या आई. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तोंड बंद आहे, आ करायला लावू नका."