सीलबंद कॅसेटी
नव्या प्लास्टिकचा वास आला की मला रामदासपेठेतला तो दिवाणखाना आठवतो. तिथल्या संग्राहकाकडे एकेकाळचे दोन प्रतिस्पर्धी व्हिडिओ गेमचे संच होते, दोन्हींच्या शेकडो सीलबंद कॅसेटींसह. माझ्या कोराडीच्या मित्रानं लहानपणी त्यातला एकच खेळला होता. दुसरा एकदा तरी खेळायचा म्हणून तो माझ्यासोबत आला होता. दोन्हींपैकी कोणाचे गेम सरस यावर संग्राहकाचं तासभर प्रवचन झालं. मित्रानं विचारलं, “पण खेळाले मजा कशात येते, भाऊ?” “मले काय माहीत? सील तोडलं तं कॅसेट वाया जाते!” तरी मित्रानं एक उचलली आणि लहानपणी घालण्याआधी धूळ उडवायचा त्या सवयीनं फुंकर मारायला तोंडाशी नेली. “थुंकी लागते न गा!” म्हणत संग्राहकानं ती हिसकावली, रुमालानं पुसली. मित्र माझ्याकडे बघत राहिला. “संग्रह मात्र लाजवाब,” मी संग्राहकाला म्हणालो. आज किळस येते ती त्या वाक्याची.