सायकल ट्रॅकवरची गाडीपूजा

मंडळी, आज सकाळी आम्ही नऊ जणी नगरहून सायकलवर हिवरे बाजारला निघालो आणि पहिल्याच चौकात अडकलो. सायकल ट्रॅकवर एक कोरी करकरीत गाडी उभी. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हार.

"पूजा चाललीय ताई. सायकल काय, कुठूनबी जाती," मालक म्हणाला.

"कुठूनही जाते म्हणूनच ट्रकखाली येते, दादा," मी म्हणाले. आमची सुनंदा मागच्या वर्षी अशीच बाजूने जाताना पडली होती. सहा महिने घरात होती.

आज बाजूने जायचं नाही, असं मी ठरवलं. नऊच्या नऊ सायकली गाडीमागे ओळीने स्टँडवर लावल्या. म्हटलं, "चालू द्या पूजा. आमच्याही वाहनांची करा."

मालक तापला. त्याची आई मात्र ताट घेऊन आली, नऊही हँडलांना हळदकुंकू लावलं आणि लेकाला म्हणाली, "आता गाडी काढ. लई वेळ झाला पोरींना."

पोरी! आमच्यातली सगळ्यात लहान अठ्ठेचाळीसची आहे.

लिंबं चिरडत गाडी निघाली. नव्या गाडीचं पहिलं काम काय, तर आमचा ट्रॅक मोकळा करणं!

तुमच्याकडचा ट्रॅक कोणी अडवलाय? बाजूने जाऊ नका. स्टँड लावा.